गाणं बंद पडल्याचं आम्हाला कळलंच नाही

नाव: कागदोपत्री वेगळे आहे, परंतु गिरणीत व वसाहतीत सर्व जण ठोकामावशी म्हणतात, तेच लिहावे असे सांगितले. कागदावरच्या नावाने हाक मारली तर मी वळून बघत नाही. तशी कुठल्याही नावाने मारली तरी बघत नाही, कारण पुढे येईल.
वय: ६३ वर्षे. धंदा: पूर्वी यंत्रमागावर विणकर, सध्या घरकाम.
राहणार: बंद कापडगिरणीच्या मागे, कामगार वसाहत, दुसरा जिना, खोली नऊ.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा, सून, दोन नातवंडे व माझी थोरली नणंद (वय ६८) यांच्यासह राहते. मी व नणंद, दोघींनी त्याच गिरणीच्या माग खात्यात एकतीस वर्षे काम केले. खात्यात दोनशे माग होते. त्या आवाजाने माझा डावा कान पूर्ण गेला आहे, उजव्याने फक्त गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. गिरणी अकरा वर्षांपूर्वी बंद झाली, तेव्हा तोही गेला. वसाहतीत आमच्या वयाच्या बायकांत धड ऐकू येणारी शोधून सापडायची नाही.

चालू खात्यात कोणालाच कोणाचे ऐकू येत नसे. म्हणून सगळ्या जणी ओठांवरून बोलायच्या. नणंद तीस मागांपलीकडून मला विचारायची, डब्यात काय आणलंस, आणि मी तिला सांगायची, आपल्या धाग्याकडे बघा आधी. यात विशेष काही नाही, सवय आहे. मी मोठ्याने बोलते, भांडत नाही. साहेबांनी आवाज कमी करा असे दोनदा खुणेने सांगितले, ते मी पाहिले आहे.

साहेबांच्या मिशा ओठांवर येत असल्याने त्यांचे बोलणे वाचायला त्रास होतो. म्हणून त्यांनी प्रश्न कागदावर लिहून विचारले. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारताईंचे सर्व कळले.

शहरात नऊ दिवस नाचाचा महोत्सव चालू आहे, त्याचे पत्रक सुनेने महिनाभर आधीच घरी आणले. त्यावर छापले होते, ‘ज्याला चालता येतं त्याला नाचता येतं. सर्वांनी या.’ सोळा मोजांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा, एकच नाच सगळ्या शहराने शिकायचा, रोज एका चौकात करायचा, आणि शेवटच्या दिवशी मोठ्या मैदानात सर्वांनी मिळून करायचा, असे होते. सून म्हणाली, “आई, तुम्ही नुसत्या बघायला चला.” मी म्हटले, “बघायला कशाला? पाय काय घरी ठेवून येऊ?” त्याच दिवशी मी वसाहतीतल्या बायका गोळा केल्या. नणंद धरून चोवीस झाल्या. मी त्यांना पोरी म्हणते. सर्वांत लहान पोर सत्तावन्नची आहे.

नाव नोंदवायला गेलो तेव्हा महोत्सवाचे सरचिटणीस टेबलाशी होते. आमच्यातल्या एकीलाही ऐकू येत नाही हे समजल्यावर त्यांनी सुनेकडे तोंड करून विचारले, “गाणंच ऐकू येत नसेल तर ताल कसा धरणार? बाकीच्यांचाही घोळ होईल. मी त्यांच्यासाठी पुढे खुर्च्या ठेवतो ना.” ते मला ऐकू जाणार नाही असे समजून बोलले, पण ओठ माझ्यासमोरच होते. मी पत्रक त्यांच्यापुढे धरले आणि म्हटले, “सर्वांनी या असं छापलंय. त्याखाली बारीक अक्षरात कानवाल्यांनी असं काही दिसत नाही मला. तुम्हाला दिसतंय का?” सरचिटणीस माणूस वाईट नाही. ते लाल झाले आणि त्यांनी चोवीस बिल्ले दिले. जागा मात्र शेवटच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात दिली. आम्ही घेतली.

तालाबद्दल साहेबांनी लिहून विचारले, म्हणून सांगते. वसाहतीच्या सभागृहात लाकडी फळ्यांची जमीन आहे. मी टाचेने ठोका द्यायचा आणि बाकीच्यांनी तो तळव्यांतून घ्यायचा, असा अठरा दिवस सराव केला. मागावर धोटा इकडून तिकडे जातो त्याची मोजणी आमच्या अंगात एकतीस वर्षे बसली आहे, ती काढू म्हटले तरी निघायची नाही. चौकात दगडी फरशी असल्याने ठोका कळणार नव्हता. तेव्हा प्रत्येकीने पुढचीच्या खांद्याकडे बघायचे आणि सर्वांत पुढे मी, असे ठरले. नणंदेला पुढे उभे राहायचे होते. नाही मिळाले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, म्हणजे ओठ मिटून बसली.

आज सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी टपाल कचेरीसमोरच्या चौकात नाच सुरू झाला. सुमारे दोन हजार माणसे होती. ध्वनिक्षेपकाची गाडी आमच्या कोपऱ्यापासून सत्तर-ऐंशी पावलांवर, समोरच्या बाजूला होती. आम्ही नाचू लागलो. तिसऱ्या की चौथ्या फेरीत पुढच्या रांगा थांबलेल्या दिसल्या. लोक मागे वळून आमच्याकडे पाहत होते. मला वाटले, आम्ही चुकलो, सरचिटणीस म्हणत होते तो घोळ झाला, म्हणून सगळे थांबून आम्हाला बघताहेत. मी पोरींना डोळ्यांनीच दटावले आणि आम्ही आधीपेक्षा नीट, पाय उचलून नाचू लागलो. थांबायचे कोणाच्याही मनात आले नाही. सोळा मोज पुरे झाल्याशिवाय माग सोडायचा नसतो.

नंतर दिसले की बेकरीवाला पीठ लागलेल्या एप्रनसकट आमच्या शेजारी येऊन माझ्या पायांकडे बघत नाचतो आहे. त्याच्या मागे टपाल कचेरीतल्या दोन बायका. मग एक रांग, मग तिच्यापुढची. शेवटून सुरू होऊन सगळा चौक पुढपर्यंत आमच्या पायांनी नाचायला लागला. फरशी दगडी असूनही सोळाव्या मोजाला दोन हजार पाय एकदम पडले आणि तो ठोका माझ्या तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत आला. अकरा वर्षांत मला काही ऐकू आले नव्हते, ते तेव्हा आले. खाते पुन्हा चालू झाले असे वाटले. मी मागे वळून नणंदेला म्हटले, “कळतंय का?” ती म्हणाली, “कळतंय गं, पुढे बघ.” मला रडू आले. हे जबाबात घ्यायचे का, असे हवालदारताईंनी विचारले. घ्या म्हटले.

दहा वाजून सतरा मिनिटांनी मी हात वर केला तेव्हा सगळे थांबले. सून गर्दीतून धावत आली आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाली, “अहो आई, गाणं कधीच बंद पडलंय! पंचवीस मिनिटं झाली! सगळं शहर तुमच्या पायांवर नाचत होतं!” मी तिला म्हटले, “मग आधी नाही का सांगायचं?” ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात ना!” तोपर्यंत गाणे बंद पडल्याचे आम्हा चोवीस जणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. लोकांनी नणंदेला खांद्यावर उचलले. तिला उंचीची भीती आहे, तरी ती खाली उतरायला तयार नव्हती.

त्यानंतर सुमारे तीन मिनिटांनी मी ध्वनिक्षेपकाच्या गाडीकडे पाहिले. ध्वनी कंत्राटदार आपल्या चालकाशी बोलत होते, त्यांचे तोंड आमच्या बाजूला होते. ते म्हणाले, “सावलीत घ्यायला गाडी मागे तू घेतलीस, वायर चाकाखाली तू तोडलीस. आता तोंड बंद ठेव. तुकडा नेऊन त्या कोपऱ्यातल्या बायकांच्या पायाशी टाक. कापली म्हणून सांगू. बहिऱ्या आहेत, त्यांना काय कळणार.” हे मी जसेच्या तसे सांगते. त्यांनी आणखी दोन शब्द वापरले, ते मी बाईमाणसाच्या हातून लिहवून घेणार नाही. कंत्राटदाराला वाटले, एवढ्या टाळ्यांत कोणाला ऐकू जाणार. कोणालाच गेले नाही. आम्हाला दिसले.

अकरा वाजता कंत्राटदारांनी ठाण्यात तक्रार दिली की, कोपऱ्यात उभे केल्याचा राग धरून आम्ही मुद्दाम वायर कापली व नाच बंद पाडला. पुराव्यादाखल आमच्या पायाशी टाकलेला वायरीचा तुकडा उचलून आणला व नणंदेच्या कमरेच्या पिशवीतून धागा तोडायची कात्री काढून घेण्यात आली. महोत्सव समितीने चौकशी होईपर्यंत आमचे चोवीस बिल्ले काढून घेतले. बिल्ला नसेल तर उद्या मैदानात सोडणार नाहीत. मी इथे आले ती त्या बिल्ल्यांसाठी आले, हे स्पष्ट लिहावे.

कात्रीबद्दल सांगते की, ती बोटभर लांबीची आहे. गिरणी बंद झाली तरी नणंद ती रोज सकाळी कमरेला लावते, त्याशिवाय तिला कपडे घातल्यासारखे वाटत नाही. वायर अंगठ्याएवढी जाड आहे. साहेबांनी ती कात्री टेबलावरच्या वायरीच्या तुकड्यावर चालवून पाहिली. वायरीला काही झाले नाही, कात्रीचे टोक वाकले. ते सरळ करून द्यावे. वायरीवर गाडीच्या चाकाची नक्षी उमटली आहे, ती साहेबांना मी दाखवली, त्यांनी भिंगातून पाहिली.

एवढ्या लांबून ओठ वाचता येतात यावर साहेबांचा विश्वास बसला नाही. ते कारकुनाला घेऊन बाहेर आवारात, काचेपलीकडे गेले व तेथे दोघे बोलले. परत आल्यावर ते काय बोलले ते मी सांगितले. साहेबांचे शब्द मिशांमुळे अर्धेच कळले होते, पण तेवढे पुरले. ते बोलणे या जबाबात घेऊ नये असे साहेबांनी सांगितल्याने घेतलेले नाही. कारकून अजून हसत आहेत.

माझ्यानंतर नणंद व इतर चार जणींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारले असता, कंत्राटदाराचे तेच शब्द पाचही जणींनी सांगितले. वगळलेल्या दोन शब्दांसह, कारण नणंदेला लाज नाही. खोल्यांना काचा आहेत. आम्हाला आपसांत बोलून ठरवता आले असते. आम्ही काचांकडे पाठ फिरवून बसलो होतो, हे पहाऱ्यावरच्या शिपायाने पाहिले आहे.

दुपारी एकच्या सुमारास चालकाने सर्व कबूल केले. साहेबांच्या पुढ्यात कंत्राटदार बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लगेच तोंडावर हात धरला. अजून धरला आहे.

त्यानंतर सरचिटणीस स्वतः ठाण्यात आले. या खेपेला त्यांनी सुनेकडे पाहिले नाही. माझ्यासमोर बसले, सावकाश, आवाज न काढता म्हणाले, “मावशी, माझं चुकलं. उद्या पुढच्या रांगेत या.” मी म्हटले, “पुढे नको. मैदानाच्या मधोमध द्या, म्हणजे चारही बाजूंना पाय दिसतील.” ते बरं म्हणाले. मी म्हटले, “आणि एक फेरी गाणं बंद ठेवून.” ते म्हणाले, “एकच?” नणंद दारातून म्हणाली, “तीन सांग, तीन!” तीन ठरल्या. चोवीस बिल्ले मोजून मिळाले. माझा मीच लावला, नणंदेला मी लावून दिला. ती उद्या माझ्या शेजारी, पुढे उभी राहणार आहे. मीच सांगितले.

कंत्राटदारावर माझा राग नाही. त्यांनी वायर तोडली नसती तर आम्ही अजून कोपऱ्यातच असतो. मात्र त्यांनी उद्या मैदानात यावे व नाचावे, अशी माझी तक्रार समजावी.

हा जबाब हवालदारताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मला तो ऐकू आला नाही. मग त्यांनी माझ्याकडे तोंड करून, आवाज न काढता, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला, तो शब्द न् शब्द कळला व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. आम्ही दोघी एकाच लाकडी बाकावर बसलो आहोत. वाचताना हवालदारताई टाचेने बाकाच्या पायावर ठोका देत होत्या, त्यांना ते ठाऊक नव्हते. मी सोळापर्यंत मोजला. तोही बरोबर आहे.

सही: ठोकामावशी