हायरमला देवानं सांगितलं

...आणि तेही माईकवरून! तुम्हाला सांगते, मुलीला लग्नाचं विचारायचं असेल तर बाजूला घेऊन विचारावं, आइस्क्रीम खाता खाता विचारावं, डोंगरावर नेऊन विचारावं, आमच्या या प्रोव्हो शहरात डोंगरांना काय तोटा आहे? पण हायरमनं विचारलंच नाही. हायरमनं जाहीर केलं! चर्चच्या भरल्या सभेत, कॉलेजातल्या सगळ्या बिनलग्नाच्या पोरापोरींसमोर, आणि तेही उपासाच्या रविवारी. महिन्याच्या त्या पहिल्या रविवारी ठरलेला वक्ता नसतो, ज्याला आतून वाटेल त्यानं उठावं, माईकपाशी जावं आणि आपल्या श्रद्धेची साक्ष द्यावी. आता आदल्या दिवसापासून पोटात पाण्याचा थेंब नसला की माणसाला आतून काय काय वाटतं, ते मी तुम्हाला सांगायला नको...

तर हायरम उठला. नुकताच पेरूत दोन वर्षं धर्मप्रचार करून आलेला, त्यामुळे आवाज असा, की समोर डोंगर असला तरी बाप्तिस्मा घेईल. म्हणतो कसा, "बंधुभगिनींनो, मी उपास केला, प्रार्थना केली, आणि मला उत्तर आलं. माझी होणारी बायको याच सभेत बसली आहे. सिस्टर झिना ओल्सन, तुला ठाऊक आहेच."

सिस्टर म्हणजे मी, नन नव्हे हं, आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायका सिस्टर. मला ठाऊक आहे? मला एवढंच ठाऊक होतं की मंगळवारी माझी भूगर्भशास्त्राची परीक्षा आहे! अहो, आम्ही फिरायला गेलो होतो फक्त दोनदा. एकदा बोलिंगला आणि एकदा त्याच्या मावशीचं मांजर हरवलं होतं ते शोधायला. त्यानं अजून माझा हातही धरला नव्हता, धरला असेल तर गाडीचा दरवाजा. आणि हा सरळ देवाला मध्ये घालून मोकळा. बरं, देवानं सांगितलं म्हटल्यावर माणसानं बोलायचं काय?

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एक सोडून. माझी खोलीतली मैत्रीण मॅकेल शेजारीच बसली होती, ती आपल्या बुटांकडे बघत राहिली.

सभा सुटली नाही तोच पोरी गळ्यात पडायला लागल्या, कधी गं, वसंतातच ना, फुलं कुठली... मी घरी पोचायच्या आत बातमी आमच्या गावी पोचली, बाबा टर्क्यांना दाणे टाकत असताना त्यांना शेजाऱ्यांनी हाक मारून सांगितलं म्हणे. आईचा फोन. "झिना, मुलगा चांगल्या घरातला आहे गं. आणि शिक्षण काय, नंतरही होतं. माझं नाही का..." आणि गप्प झाली, कारण तिचं नंतरही झालं नव्हतं. मग बिशपांनी बोलावून घेतलं. आमचे बिशप आठवडाभर दातांचे डॉक्टर असतात. "मन मोकळं ठेव हं, सिस्टर ओल्सन," म्हणाले, आणि दात उपटायच्या आधी 'काही दुखणार नाही' म्हणतात ना, अगदी त्याच सुरात!

तुम्ही म्हणाल, एवढं काय, नाही म्हणायचं आणि सुटायचं. अहो, मी न मानणारी असते तर सोपं होतं. पण मी मानते! दोन्ही वेळा गुडघे टेकते, मनापासून टेकते. मला भीती हायरमची नव्हती. मला भीती ही, की मी हायरमला नाही म्हणायचे आणि वर कुणीतरी आपलं नाव खोडायचा. म्हणून मीही विचारलं. रोज विचारलं. गुडघे सोलले, पण वरून हूं की चूं नाही. देव हायरमशी गप्पा मारतो, आणि ज्या पोरीचं लग्न ठरवतोय तिच्याशी चकार शब्द नाही?

त्यात मॅकेलनं बोलणं टाकलेलं. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी, मी टोस्ट करतेय, ती दुधात डोळे घालून बसलेली. शेवटी मीच म्हटलं, काय झालंय ते बोल. तर रडायलाच लागली. "मीपण विचारलं होतं. हायरमबद्दल. तुझी ओळख व्हायच्या आधी. मला उत्तर आलं होतं, झिना. हो म्हणून आलं होतं."

आता बोला! एकच नवरा, दोघींना वाटप. तिला धड जवळ घेता येईना, धड हसता येईना. तिला वाटत होतं मी तिचं हिरावून घेतलं, आणि मला तर तो माणूस फुकट नको होता. तेव्हा मात्र माझी सटकली. म्हटलं, बास. माझ्या नावाचा निरोप शेजारच्या घरी टाकायची ही कुठली पद्धत?

पुढच्या उपासाच्या रविवारी मी उठले. पोटात कावळे, पण गेले माईकपाशी. म्हटलं, "मीपण उपास केला. मीपण प्रार्थना केली. मला काही उत्तर आलं नाही, आणि खरं सांगते, मला ते विचारायचंच नव्हतं. मला शिकायचंय. हायरम भला माणूस आहे, पण मी त्याच्याशी लग्न करणार नाही. ज्याचं उत्तर त्याला स्वतःलाच यावं. माझं लग्न ठरवायचं झालं तर देवाला माझं घर ठाऊक आहे. येशू ख्रिस्ताच्या नावानं, आमेन."

आता आमच्यात काय आहे, कुणी आमेन म्हटलं की सभेनं आमेन म्हणायचं. पाळण्यातली सवय. तर सगळी सभा एका सुरात गरजली, "आमेन!" बिशप म्हणाले, पोरी म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण म्हणालं असेल? हायरम! बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं, तोंड तसंच उघडं. पण आमेन ते आमेन, परत कसं घेणार?

मी अशी तरंगत घरी आले म्हणून सांगू! भूगर्भशास्त्राचा निकाल लागला, त्यातही पहिली आले. आणि पंधरवडा गेला नाही तोच मॅकेल दारात उभी, गाल लाल. "हायरम आला होता. त्याला नवं उत्तर आलंय."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी कशाला काय म्हणू? मला तर जुनंच आलेलं होतं. आणि तूच म्हणालीस ना गं, ज्याचं उत्तर त्याला स्वतःलाच यावं?"

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की तो मांजर शोधताना माझं एक वाक्य ऐकून घेत नाही, तुला काय आयुष्यभर ऐकणार? सांगायचं होतं की निदान डिग्री तरी घे, नाहीतर माझ्या आईसारखं अर्ध्यावर गप्प व्हायला लागेल. पण माझाच नियम, भर सभेत केलेला, वर आमेनचा शिक्का. आणि तिला विचारून झालेलं, तिचं तिला आलेलं. देवानं सांगितलं म्हटल्यावर माणसानं बोलायचं काय? मिठी मारली.

वसंतात लग्न झालं. चर्चच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, जाळीला फुलं बांधून. गुलाबी झगा घालून मी तिच्या शेजारी उभी, हसून हसून जबडा दुखला. पुढच्या सत्राला तिची खाट रिकामी, मी आणि माझे खडक. हो, आणि लग्नाच्या जेवणात आमच्याकडे मयताला करतात ते चीज घातलेले बटाटे होते... मी दोनदा वाढून घेतले.