कच्चा कोपरा

माहेर माझं सोनपेठचं. बाप गोदावरीच्या काठावर लोकांची धुनी धुवायचा, अन् मला दिली पूर्णेला, म्हंजी नदीवरून उचलली अन् रेल्वेच्या धुरात आनून टाकली म्हना. आमी परीट, पन मालकाला धुन्याची गोडी न्हवती. टेशनाच्या मागं सासऱ्यानं इस्त्रीचं दुकान टाकलेलं, ते माज्या गळ्यात, अन् आमचे मालक मागच्या खोलीत रेडू खोलून बसलेले. काय सांगू तुमाला, कोळशाची इस्त्री लय जड, खांदा उतरून जायचा, अन् आतून आवाज, अगं च्या ठिव.

मालक पट्ट्या बनवायचे. पट्टी म्हंजी लाऊडस्पीकरच्या मशीनच्या पोटातली, एका अंगाला तांबं चिकटवलेली. त्या तांब्यावर ब्रशनं काळ्या रंगाच्या रेघा काढायच्या, मग फेरिकच्या पान्यात टाकायची. रंगाखालचं तांबं ऱ्हातंय, बाकीचं पानी खातंय, अन् रंग पुसला की तांब्याच्या वाटा, त्याच्यातून करंट पळतो म्हने. पार वसमत-परभनीचे दुकानवाले न्यायचे, भोकं पाडायचं अन् जोडायचं काम त्यांचं. हरिपाठवाल्यांच्याबी मशीनमदी आमची पट्टी, जयंतीवाल्यांच्याबी आमचीच. नामांतरावरून गावं पेटली, मानसं एकमेकाच्या दारात जाईनात, तवाबी दोन्हीकडून मागनी यायची, मालक कुनाला नको म्हनले न्हाईत. त्यांची रेघ केसावानी बारीक, कुटं तुटायची न्हाई. त्या रेघेवर त्यांचा लय जीव, अन् घमेंडबी.

मग हात कापाया लागला. आदी च्याची बशी वाजायची, मग ब्रश वाकडा जायला. अन् रेघेला रेघ चिकटली की मशीन जळतंय. परभनीच्या डागदरला दाखिवलं, त्यो म्हनला कंपवात हाय, गोळ्यानं कमी व्हईल, जानार न्हाई. दुकानवाले पट्ट्या वापस आनून ठिवायले, तोंडावर काई बोलायचे न्हाईत. मालक खाटेवर बसून हाताकडं बगायचे, हाताला शिव्या द्यायचे. मला म्हनले, मानूस कामाचं ऱ्हाईलं न्हाई की घरात अडगळ व्हतंय गं. लय वाईट वाटलं बगा, पन म्या काय करनार, पुढं कपड्याचा ढीग.

आता आयका. रेल्वेत तिकिटं तपासनाऱ्या एका टीशी साहेबाचा पांढरा सदरा आल्ता, खिशात झेरॉक्सचा कागद ऱ्हाईलेला. म्या बगितलंच न्हाई, दिली इस्त्री रेटून. कागद काढला तर समदी अक्षरं खिशावर, अन् तीबी उलटी. साहेब लय बोलले. पन मालक सदरा हातातून सोडंनात, खिसाच बगायलेत. म्हनले, अगं, झेरॉक्सची ही काळी पूड गरमीनं चिकटती, कपड्याला चिकटती तर तांब्याला का न्हाई?

हात धड व्हता तवा पातळ तेलकट कागदावर काढलेलं पट्टीचं एक चित्र त्यांच्यापाशी व्हतं. ते घिऊन म्याच झेरॉक्सवाल्याकडं गेले. म्हनलं, हे पालथं ठिव, म्हंजी चिकटल्यावर सुलटं व्हईल, अन् साध्या कागदावर नको, हे मासिकाचं चकचकीत पान घाल. त्यो म्हनला, मावशी, मशीन फसंल. लय मनधरनी केली, मदीच गावात बंद पुकारला, त्याचं शटर खाली, मग कुटं एकदाचं काढून दिलं. घरी तांबं चिंचंनं घासलं, पान्याचा हंडा घासतेत तसं, त्यावर कागद, कागदावर इस्त्री. पान्यात भिजवून कागद बोटानं चोळून काढला, तर त्यांची रेघ जशीच्या तशी, जुन्या हाताची. मालक रडले, अन् म्याबी.

काम चाललं. पन घासनं माजं, इस्त्री माजी, धुनं माजं, अन् मालक पुन्ना खाटेवर. त्या पैल्या पट्टीच्या एका कोपऱ्यात रेघ तुटली व्हती, इस्त्री नीट बसली नसंल. मालकानं डाव्या हातानं उजवा दाबून धरला अन् ब्रशनं तेवढी रेघ जोडली. अर्धा दिस गेला, पन त्या दिशी भाकर मागून खाल्ली. तवापासून म्या दर पट्टीला एक कोपरा कच्चा ठिवायला लागले. कोपऱ्यात रेघा एकमेकीपासून लांब-लांब, चिकटायची भीती न्हाई, तिथं इस्त्री अल्लाद उचलायची. अन् म्हनायची, आवो, हितं तुटलंय बगा, मला जमंना. ते म्हनायचे, तुला कवा जमलंय? अन् बसायचे जोडत. म्या दुकानात गिऱ्हाइकाचं ऐकायची, अन् कान आतल्या खोलीकडं.

लय दिस असं चाललं. मग एकदा पट्टी पुढं ठिवली तर त्यांनी ब्रश उचलला, अन् तसाच खाली ठिवला. म्हनले, आता त्यो कोपराबी नीट दाबत जा. मग म्हनले, लय दमलीस माज्यापायी. म्हंजी पैल्यापासून ठाव व्हतं बगा त्यांना.

मालक गेले. पट्ट्या आता कोन इचारत न्हाई, समदं बनलेलं मशीन येतंय. इस्त्री करते अजून, खांद्यात जीव न्हाई, पन पोटाला लागतंच की. तुमचे हातपाय धड ऱ्हावोत बाबा, दुसरं काय मागू. नुसतं येवढंच व्हतंय, सदऱ्याच्या कोपऱ्यावर आलं की माजा हात आपोआप उचलतो. गिऱ्हाईक म्हनतंय, मावशी, हितं चुनी ऱ्हाईली. मी म्हनते, आन बाबा, दाबते नीट.