धुण्याच्या धक्क्यावर कुणी बोलत नाही

...आणि वर मलाच म्हणते, "बाई, जरा हसा ना." आता तुम्हीच सांगा, हातात हा एवढा ब्रश, गुडघे ओले, पुढ्यात माझी चिंध्यांची सतरंजी पाणी पिऊन नवऱ्याएवढी जड झालेली, आणि समोरच्या पायऱ्यांवर बसलेली, कुठल्याशा जहाजातून उतरलेली ही बाई आइस्क्रीम चाटत चाटत मला सांगतेय, हसा! कशाला हसू? सतरंजी घासताना हसतं का कुणी? तुम्ही घरी भांडी घासताना हसता? हसत असाल तर... जाऊ दे, तुमच्या घरचं तुम्ही बघा. पण तिला कशाला दोष देऊ? त्या पायऱ्या तिनं थोड्याच बांधल्या? त्या आमच्यामुळं झाल्या. आम्ही धक्क्यावरची माणसं, मी, केर्त्तू, वाइनो, सगळेच. कारण तुम्हाला सांगते, जेव्हा तोंड उघडायचं होतं ना, तेव्हा... आम्ही काही बोललो नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही हेल्वी नुसतीच करवादते. तर आमचं बंदर. लाकडाचं बंदर हो, अख्ख्या फिनलंडची जंगलं इथून जहाजात चढायची, आणि माझा नवरा आल्पो क्रेनवर बसून ती चढवायचा. मग बंदर गेलं गावाबाहेर. क्रेन राहिल्या, समुद्रपक्षी राहिले, आणि एका कोपऱ्यात राहिला आमचा धुण्याचा धक्का. म्हणजे काय, तर पाण्यावर गेलेला लाकडी कट्टा, त्यावर टेबलं, नळ, दोन रुळांचं पिळायचं यंत्र आणि वाळत घालायला आडवे दांडे. बस्स. जून उजाडला की गाव सतरंज्या घेऊन तिथं. उन्हाळा आमच्याकडं असा पाहुणा येतो, की बूटसुद्धा काढत नाही, दारातूनच परत. तेवढ्यात धुऊन, वाळवून, उचलून न्यायचं.

आणि सतरंजी म्हणजे तरी काय? घरातले जुने कपडे फाडून विणलेली. माझ्या सतरंजीत आईचे एप्रन आहेत, पोरींचे झोपायचे कपडे आहेत, आणि मधले निळे पट्टे आल्पोच्या कामाच्या डगल्यांचे. आमच्या घरातून कुणी पुरतं जात नाही, थोडं पायाखाली उरतंच.

पण धुणं हे निमित्त. खरं कारण सांगू? बोलणं. आमच्या माणसांना समोरासमोर बसवलं की मुकी होतात. डोळ्यांत बघितलं की संपलं! पण त्यांच्या हातात ब्रश द्या, मान खाली घालू द्या, शेजारी उभे राहा आणि त्यांच्याकडं अजिबात बघू नका... मग ऐका. मग काय काय बाहेर पडतं! आल्पो घरात म्हणजे कपाट. तीस वर्षांच्या संसारात घरात बोललेली त्याची वाक्यं मी तुम्हाला एका दमात म्हणून दाखवते. पण धक्क्यावर यंत्राचा दांडा फिरवायला लागला, की बोलायचा. असाच एकदा फिरवत होता, मी पलीकडून सतरंजी ओढत होते, आणि समुद्राकडं बघत म्हणाला, "डॉक्टर म्हणतो पोटात काहीतरी आहे." मी म्हटलं, "काय आहे?" म्हणाला, "चांगलं नाही." आणि दांडा फिरवत राहिला. मी ओढत राहिले. घरी असता ना, तर मला थेट दफनभूमीतच कळलं असतं. आता तो नाही, पोरी लांब, घरात भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलतं. म्हणून सांगते, धक्का म्हणजे माझ्यासाठी धुण्याची जागा नव्हे. तोंड उघडायची ती एकच जागा राहिली होती मला.

आणि ती काढायला निघाला रेनातो.

रेनातो कोण, तर पालिकेनं किनारा नटवायला नेमलेला माणूस. इटलीचा, पण बायको इकडची, त्यामुळं आमची भाषा बोलतो, आमच्यापेक्षा जास्तच बोलतो. पालिकेला पाहिजे होते पर्यटक, जत्रा, गाण्याचे कार्यक्रम. त्यानं अग्निशमन दलाच्या सभागृहात गाव बोलावलं. आम्ही गेलो. न जाऊन सांगता कुणाला, कॉफी होती, वेलची घातलेला गोड पाव होता. नेहमीसारख्या मागच्या रांगा आधी भरल्या, दोन माणसांत एक खुर्ची रिकामी, सगळं रीतीनं. पुढं टेबलावर पुठ्ठ्याचा किनारा मांडलेला. इथं तरंगतं हॉटेल, इथं काचेचं सौना, म्हणजे आमचं उघड्या अंगानं बसायचं वाफेचं न्हाणीघर, आणि आमच्या धक्क्याच्या जागी हा एवढा गाण्याचा मंच. पुठ्ठ्याची इवली इवली माणसंही होती. एकाच्याही हातात सतरंजी नव्हती.

रेनातो बोलत होता, हात असे, की जणू एकामागून एक खिडक्या उघडतोय. आणि शेवटी म्हणाला, "मोकळेपणानं सांगा. कुणाची हरकत आहे?"

तुम्हाला सांगते, आम्ही काही बोललो नाही.

अशी शांतता पसरली, की कॉफीच्या यंत्राची गुरगुर ऐकू यायला लागली. आता आमच्याकडं एवढी शांतता म्हणजे काय, कल्पना आहे? एवढी शांतता म्हणजे दंगल. वाइनोनं दुसरा पाव घेतला नाही. वाइनोनं! बंदरावरचा जुना हमाल, आयुष्यात फुकटचा पाव ज्यानं सोडला नाही, त्यानं ताटली बाजूला सारली. आम्ही मनात म्हटलं, आता हद्द झाली, आता याला समजणार. आणि हा? याच्या गावात म्हणे हरकत असली की माणसं खुर्च्या फेकतात. त्यानं आमच्याकडं बघितलं, छातीवर हात ठेवला, डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, "असा एकमुखी पाठिंबा मला कुठल्याच गावानं दिला नव्हता."

घरी जाताना केर्त्तू म्हणते, "बरं सुनावलं आपण त्याला." ही केर्त्तू माझी शेजारीण, एका टेबलावर सतरंज्या धुतो आम्ही. मी म्हटलं, "हो, चांगलंच."

आणि मग धक्क्यावर पाटी लागली. धक्का हटवून मंच होणार, नागरिकांच्या संमतीनं. संमतीनं! मी तशीच गेले त्याच्या कचेरीवर. वाटेत शिव्यांची अशी माळ गुंफली होती मी, तुम्हाला सांगत नाही, बायका बसल्यात समोर. पण आत गेले तर तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, कॉफी दिली, म्हणाला, "बसा हेल्वीबाई." बसलेल्या माणसाला शिव्या देता येत नाहीत हो, कॉफी सांडते.

म्हटलं, "आमचा धक्का का काढतोस?"

"मी विचारलं होतं. तुम्ही होतात सभेत. कुणी काही बोललं नाही."

"मग? त्यालाच नाही म्हणतात."

तो बघतच राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आणि हो कसं म्हणता?"

"ते पण तसंच."

त्यानं दोन्ही हातांत तोंड धरलं. "मग मला कळायचं कसं, हेल्वीबाई?"

आता... हे मी तुम्हाला सांगते, पण केर्त्तूला सांगू नका. त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. खरंच, कळायचं कसं? आपण मनात कुलूप घालायचं, किल्ली समुद्रात टाकायची, आणि समोरच्याला म्हणायचं, काय रे, दार उघडता येत नाही? मला आल्पोची आठवण झाली. किती वर्षं मीही त्याच्या कपाटासमोर उभी राहून रागावत होते, आणि धक्का नसता तर अशीच उभी राहिले असते. म्हणून रेनातोला म्हटलं, "शनिवारी ये. धक्क्यावर. घरातली सतरंजी घेऊन ये. आणि हे बघ, कुणाच्याही तोंडाकडं बघायचं नाही."

आला. बायकोच्या आईनं विणलेली सतरंजी खांद्यावर टाकून आला. आणि पाइनचा साबण ओतला किती? अहो, फेसातून नुसतं डोकं दिसत होतं त्याचं! पण तेच बरं झालं. चुकीचं धुणाऱ्या माणसाला बघून आमच्या लोकांना राहवत नाही. कुणी म्हणालं, साबण कमी. कुणी म्हणालं, लांबीनं घास, आडवं नको. तो घासत राहिला, मान खाली. खसाखस, खसाखस... आणि मग वाइनो, समुद्राकडं तोंड करून, म्हणतो, "त्या काचेच्या सौनात कोण बसणार? मी? जर्मन लोकांनी जहाजातून माझं पोट बघायचं?" झालं, बांध फुटला! मंचाचा आवाज, बोटी कुठं बांधायच्या, सगळं निघालं. केर्त्तू म्हणाली तिची मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा ती इथंच येऊन रडली, कारण इथं सगळ्यांचीच तोंडं ओली असतात, कुणी विचारत नाही. इतकी वर्षं एका टेबलावर धुतोय आम्ही, मला ठाऊक नव्हतं. आणि मी आल्पोचं सांगितलं. पोटातलं. दांडा फिरवत सांगितलेलं. रेनातोचा ब्रश थांबला, मान वळली त्याची माझ्याकडं. मी म्हटलं, "घास." तो घासायला लागला.

त्यानंतर तो पालिकेत जो भांडला म्हणता! मंच पलीकडं सरकला, काचेला वाइनोच्या पोटाएवढ्या उंचीचा लाकडी आडोसा आला, आणि आमचा धक्का राहिला. राहिला! नव्या फळ्या, नवे नळ, पिळायच्या यंत्राला तेल. मी त्या दिवशी आल्पोच्या कबरीवर जाऊन सांगून आले. त्यानं काही उत्तर दिलं नाही, म्हणजे नेहमीसारखाच होता.

आणि मग उन्हाळा आला, उद्घाटन झालं, पडदा सरकला... आणि पायऱ्या. आमच्या टेबलांसमोर अर्धगोल, दगडी, गाव मावेल एवढ्या. तोंड आमच्याकडं. रेनातो म्हणतो, "एवढी सुंदर गोष्ट, हेल्वीबाई, ही लोकांना दिसायला नको?" खरं सांगते, त्यानं प्रेमानं केलं हो. मनापासून केलं. त्या शनिवारी त्यानं जे ऐकलं, ते त्याला जगाला दाखवायचं होतं. पण जे बघायचं नाही म्हणूनच होतं, ते दाखवणार कसं?

ॲकॉर्डियन वाजलं, सॉसेजं भाजली, नगराध्यक्ष बोलले, जहाजातली माणसं पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसली, फोन वर. आम्ही ओळीनं उभे, ब्रश हातात, माना खाली. खसाखस, खसाखस. शेजारी केर्त्तू. तिच्या मुलीचं पत्र आलं होतं, मला माहीत होतं, कारण सकाळपासून ती ओठ चावत होती. दुसरा कुठला शनिवार असता तर पहिली सतरंजी भिजायच्या आत बोलली असती. पण शंभर डोळे होते समोर. कुणीतरी माझ्यापुढं माईक धरला, "हेल्वीबाई, दोन शब्द." मी माईककडं बघितलं, माईकनं माझ्याकडं बघितलं, आणि तुम्हाला सांगते... टाळ्या पडल्या हो! म्हणाले, काय साधेपणा.

मग सगळं पांगल्यावर रेनातो आला. चेहरा असा उजळलेला, की त्याच्याकडं बघून वाईट वाटावं. म्हणाला, "आता खरं सांगा. मोकळेपणानं. काही हरकत? नाहीतर पुढच्या वर्षी मी अजून रांगा वाढवतोय."

सांगायचं होतं एवढंसंच. बाबा रे, पायऱ्या राहू देत, फक्त त्यांचं तोंड फिरव. समुद्राकडं. लोक समुद्र बघतील, आम्ही त्यांच्या पाठी बघू, सगळ्यांचं भलं. एवढं एक वाक्य. जिभेवर होतं, शपथेवर सांगते, दातापर्यंत आलं होतं. पण तो माझ्या समोर उभा होता, माझ्या डोळ्यांत बघत, हातात ब्रश नाही, काही नाही. मी केर्त्तूकडं बघितलं. केर्त्तूनं वाइनोकडं बघितलं. वाइनोनं हातातलं सॉसेज अर्धं तसंच खाली ठेवलं.

आम्ही काही बोललो नाही.

रेनातोनं छातीवर हात ठेवला, डोळे पुसले आणि गेला.

आम्ही ओल्या सतरंज्या उचलल्या, घराकडं निघालो. वळणाशी आलो तेव्हा केर्त्तू म्हणाली, "बरं सुनावलंस त्याला."