दुसरा साक्षीदार

नाही म्हणजे नाही. येणार नाहीत ते. मी वरूनच ओरडून सांगितलं तुम्हाला, तरी जिना चढून आलात — आता आलाच आहात तर बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो. इकडे बसा. आणि काकू म्हणू नका मला. गेल्या वर्षी तुमच्या त्या निवेदकाने — कोण तो, सारखा केसांवरून हात फिरवणारा — भर स्टेजवरून मला 'वीरपत्नी' म्हटलं. नवरा शेजारी बसलाय, जिवंत, चांगला शिंकतोय, आणि हा मला वीरपत्नी करून मोकळा! लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. हे माझ्याकडे बघून म्हणाले, बघ, मी गेलो वाटतं. — हसू नका. मी तेव्हा हसले नव्हते.

घरात नाहीत ते. सकाळीच गेले. कुठे ते विचारू नका. दरवर्षी तुमचा समारंभ जवळ आला की तुम्हाला यांची आठवण येते, एरवी वर्षभर हे भाजी आणायला जातात तेव्हा तुमच्या कार्यालयावरूनच जातात की, कुणी मान तरी वर करतं का? नाही ना? मग एक दिवस एकदम 'आमचे शूर योद्धे'. उन्हात नेऊन बसवायचं. पाहुणा यायला उशीर. पाहुणा आला की त्याचंच भाषण — शौर्य, बलिदान, रक्ताचा थेंब न् थेंब — अहो, ज्याने आयुष्यात दाढी करतानासुद्धा स्वतःचं रक्त पाहिलं नाही, न्हाव्याकडे जातो तो, त्याने थेंबांच्या गोष्टी सांगायच्या! आणि ज्यांनी पाहिलं ते मागच्या रांगेत, पाणी मागायचीसुद्धा चोरी, कारण फोटो चाललेत. शेवटी एक लाकडी पाटी हातात द्यायची. आहेत ना सगळ्या — ती बघा, एक खिडकीला लावलीय, वाऱ्याने आपटते म्हणून. एक शेगडीखाली. लाकूड चांगलं वापरता, तेवढं मात्र मान्य.

नवीन दगड बसवलाय, हो, ऐकलंय मी. चौकात. सोनेरी अक्षरं. तुमच्या वडिलांच्या हस्ते पडदा — म्हणजे पाहुण्यांच्या हस्ते, पण दोरी कोण धरणार ते सगळ्यांना माहीत आहे. तुमचे वडील समितीचे अध्यक्ष, तुम्ही चिटणीस, घरचंच कार्य की. — नाही, टोमणा नाही, खरं तेच सांगतेय. मला तुमच्यावर राग नाही. तुम्ही तर लढाईच्या वेळी जन्मालाही आला नव्हता.

काय झालं म्हणून विचारता? तुम्ही होतात ना तिथे गेल्या वर्षी? तुम्हीच माईक आणून दिला होता यांच्या हातात. 'दोन शब्द बोला, आजोबा.' आजोबा! बरं. हे उठले. हे बोलणारे नाहीत हो. आयुष्यभर बस चालवली, घरी येऊन जेवायचं, पेपर वाचायचा, झोपायचं. लढाईत अँब्युलन्स चालवत होते एवढंच मला ठाऊक — लग्नात सासूबाईंनी सांगितलं होतं, यांनी तेवढंही नाही. तर हा माणूस उठला, आणि माईक धरून म्हणाला, मला एका माणसाबद्दल सांगायचंय, त्याचं नाव तुमच्या जुन्या फलकावर नाही, नव्यावर तरी हवं, आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो, सारखा बोलायचा म्हणून. एवढंच. आणि बँड सुरू झाला. मी समोर बसले होते, मी पाहिलं, तुमच्या वडिलांनी बँडवाल्याला हात केला — असा, दोन बोटं. यांचे ओठ हलत होते, आणि वर ते पिपाणं. कुणीतरी मागे म्हणालं, म्हातारा भरकटला वाटतं. भरकटला! मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून दुसरीकडे जाऊन बसला.

चहा ठेवू का? नको? बरंच झालं, दूध थोडंच आहे.

तर मग पुढे काय — पुढे आठवड्याभरात एक बाई आली. ह्याच दारात. माझ्याच वयाची, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, केस आखूड कापलेले. म्हणाली, स्टेजवर जे बोलत होते ते इथेच राहतात का? मी म्हटलं, काय काम आहे? म्हणाली, रेडिओ माझा भाऊ. मी तिला आत बसवलं. आणि हे — माझ्याशी इतकी वर्षं संसार केलेला माणूस, माझ्या बापाच्या मरणाला दोन वाक्यं बोलला नाही — हे त्या बाईसमोर बसले आणि बोलायला लागले. सगळं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड. दूध उतू गेलं, शेगडी विझली, मला कळलंही नाही. एका परक्या बाईला सांगितलं हो! मला नाही. मी काय दगड होते का? एकदा विचारून तरी — जाऊ दे. तो आमच्या घरचा प्रश्न आहे. तुम्हाला त्याचं काय.

ऐकायचंय? सांगते. आपली फौज मागे हटत होती. शाळेत दवाखाना केला होता, तो रिकामा करायचा हुकूम. नदीवर एकच पूल, आणि शत्रू जवळ आला की आपलीच माणसं तो उडवणार, ठरलेलं. यांची गाडी खेपा करत होती — जखमी उचलायचे, पुलापलीकडे टाकायचे, परत यायचं. शेवटच्या खेपेला गाडी गच्च भरली. रेडिओ दाराशी बसलेला, खांद्याला गोळी लागलेली, पण शुद्धीत. बडबड चालूच — हळू चालव रे, माझा खांदा पार्सल नाही. गाडी निघणार तेवढ्यात शाळेच्या पायरीवर आणखी एक जण दिसला. पोरगाच. पायाचा चेंदामेंदा, आई आई करत सरपटत गाडीकडे येतोय. आत मुंगीला जागा नाही. हे म्हणाले, पुढच्या खेपेला नेतो तुला. तर रेडिओ खाली उतरला. स्वतःच. म्हणाला, याला घे, मी बसतो इथे पायरीवर, मला काय घाई. आणि त्या पोराला एका हाताने वर चढवताना त्याला म्हणाला — हे सगळं ते पोरगं ऐकत होतं हां, पुरतं शुद्धीवर होतं — म्हणाला, जागा गरम करून ठेवलीय तुझ्यासाठी, ऐश कर.

हे म्हणाले, मी येतो परत. रेडिओ जवळ आला आणि यांच्या कानात म्हणाला, येऊ शकणार नाहीस, मला ठाऊक आहे. फक्त पलीकडे पोहोचलास की हॉर्न वाजव. म्हणजे मला कळेल, उतरलो ते फुकट गेलं नाही.

पलीकडे गेले. माणसं उतरवली. गाडी वळवत होते तोवर पूल उडाला. मग यांनी हॉर्न दाबला. दाबूनच धरला. शेवटी एका अधिकाऱ्याने येऊन यांची बोटं एकेक करून सोडवली, वेडा झालास का, शत्रूला ऐकू जाईल.

बसवर असताना हे कधी हॉर्न वाजवायचे नाहीत. लोक ओरडायचे, डेपोत तक्रारी जायच्या, आणि मीही — मीही म्हणायचे, काय मुखदुर्बळ माणूस आहे, हॉर्नसुद्धा वाजवता येत नाही. असं म्हणायचे मी. शेजारणींसमोर. आणि हे पेपर वाचायचे.

त्या बाईने एकच विचारलं — गाडी परत येणार नाही हे त्याला माहीत होतं का? हे म्हणाले, हो ताई, माहीत होतं. तेव्हा ती रडली. दुःखाने नव्हे हो. 'बेपत्ता' म्हणून कळवलं होतं तिच्या घरी. बेपत्ता म्हणजे काय, लोकांना काय, पळाला असेल, तिकडे जाऊन मिळाला असेल, सुखात असेल. तिचं ठरलेलं लग्न मोडलं — पळपुट्याची बहीण नको म्हणून. पुन्हा केलंच नाही तिने. आई गेली ती दाराकडे बघत. आणि तुमच्या जुन्या फलकावर सगळ्यांची नावं, कोठारात बसून शिधा मोजणाऱ्याचंसुद्धा, पण त्याचं नाही.

मग हे गेले तुमच्याकडे. तुम्ही नव्हता तेव्हा, तुमचे वडील एकटेच होते कार्यालयात. मी बरोबर होते, बाहेर बाकावर, दार उघडंच होतं. हे म्हणाले, नवीन दगडावर त्याचं नाव घाला. तर साहेब म्हणतात — शांतपणे, चष्मा पुसत — नियम आहे, बेपत्ता माणसाचं नाव घालायचं तर प्रत्यक्ष पाहिलेले दोन साक्षीदार लागतात. तुम्ही एक झालात. दुसरा आणा. यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले हो! दुसरा आणा! अहो, त्या माणसाची जीभ झडली कशी नाही? समोर बसलाय, टेबलापलीकडे, काठी खुर्चीला टेकवून, आणि म्हणतोय दुसरा —

काही नाही.

काही नाही म्हटलं ना. मी आपली बोलत सुटते. रक्तदाब आहे मला. जा तुम्ही आता, उशीर झाला असेल, मांडव बघायचा असेल.

असं बघू नका माझ्याकडे. मी काही बोलले नाही. काठीचं — काठी काय, पुष्कळ लोकांकडे असते. यांनी शपथ घातलीय मला. मी म्हटलं होतं यांना, चौकात उभी राहून ओरडते, दाखवते त्याला. तर म्हणाले, खबरदार. मी सांगितलं तर ती चुगली होईल, त्याने सांगितलं तर ती साक्ष. आणि वर त्याचीच बाजू घेतात! म्हणे, वीस वर्षांचं पोर होतं ते, आईला हाका मारत होतं, त्याच्या जागी मी असतो तर मीही चढलो असतो. मी म्हटलं, चढल्याबद्दल कोण बोलतंय? चढावंच माणसाने! जगावं, लग्न करावं, पोरंबाळं व्हावीत, त्यासाठीच तर उतरला ना तो. पण उतरणाऱ्याचं नाव घ्यायला काय जातं? चढलो म्हणायला लाज कसली वाटते? लाज वाटायची ती त्या दोन बोटांची वाटायला हवी, बँडवाल्याला केलेल्या. तर म्हणाले, त्याला स्वतःचं तोंड त्या पायरीवर दिसत असेल रोज, तू नको त्यात भर घालूस. असला माणूस! याच्याशी संसार केलाय मी. राग करावा तरी कुणाचा.

तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. हो, दिसतंय. काय सांगितलं होतं घरी? — स्वतः सरपटत गेले? पूल ओलांडून? एकटे? — बरं.

बरं. मी काही म्हणत नाही.

हे आत्ता तिच्याकडेच गेलेत. नळ गळतोय तिचा, तो दुरुस्त करायला, आणि समारंभ होईपर्यंत तिथेच बसणार, दोघं रेडिओच्या गोष्टी सांगत. ती लहानपणच्या सांगते, हे फौजेतल्या. मी गेले होते एकदा. हसतात हो दोघं. हसतात! यांना मी इतकं हसताना पाहिलेलं नाही. — नाही, पत्ता देणार नाही. तुम्हाला नाही देणार. तुम्ही जाऊन काय करणार, चिटणीस म्हणून माफी मागणार? लेटरहेडवर? ज्याने जायचं त्याला म्हणावं, जा. त्याला पत्ता बरोबर माहीत आहे, ती अजून त्याच घरात राहते. रेडिओने त्याला गाडीत चढवताना पत्ता देऊन सांगितलं होतं, आमच्या घरी जाऊन ये, बहिणीला सांग मी मजेत होतो. हो, तेही सांगितलं यांनी तिला. 'येईल कधीतरी,' म्हणाले. आणि ती म्हणाली, 'आला तर मी काही विचारणार नाही.' — विचारणार नाही! दोघं सारखेच. मी असते तर —

उठा. निघा आता. जिना अंधारा आहे, कठड्याला धरून उतरा.

काय झालं? उठवत नाहीये?

बरं. बसा मग. बसा. मी नाही बोलत.