दोन सुरांच्या मधलं बोलणं

अकरा वाजून चाळीस मिनिटं, इलाहीभाई — सकाळचे. न्हाय हो, अंदाजानं न्हाय, पक्कं सांगते — हे बघा, लसीच्या कार्डाच्या मागं मीच लिहिलंय की — सतरा मे, अकरा चाळीस, एकशे दोन. एकशे दोन म्हणजे ताप. हिचा, संस्कृतीचा. आता दोन वर्षांची हाय — ए, ठेव ते, काकांचा पाना हाय तो, तोंडात घालू नको — तवा चाळीस दिवसांची होती. आकडा लिहिला अन् लगेच ह्यांना फोन लावला. तितनंच सगळं सुरू झालं. म्हणून म्हणते, डिस्कमधल्या सगळ्या फायली उघडत बसू नका, त्या वेळेच्या आसपासचीच तेवढी बघा. नाव? नाव नसणार ह्यांचं. स्टुडिओवाल्या अनिलकुमारनी नुसतं ‘सॅक्स’ असं लिहिलं असंल. व्हय, तेच. उघडतंय का? उघडू दे. मी बसते.

परवा तुमी विचारलंत, ‘ताई, असं काय हाय ह्या डिस्कवर की तिसरी चक्कर मारताय?’ — अन् मी म्हणाले, लग्नाचं शूटिंग. खोटं बोलले. माझ्या नवऱ्याचा आवाज हाय त्यात. न्हाय न्हाय, हायेत, चांगले हायेत, घरी हायेत, कुंभारीला, आज सुट्टी हाय कामाला — आता ह्या वेळेला उन्हात खाट टाकून बसले असतील. आवाज न्हाय, एवढंच. गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ होती, ती काढताना आवाजाची पेटीपण काढली. हितं, गळ्याच्या खाली, भोक हाय — त्यातनं श्वास घेतात. वर पांढरा रुमाल बांधते मी. आंघोळीला मीच पाणी घालते, एक थेंब आत गेला तर? माती उडाली तर? ही पोरगी तर बोट घेऊन जाती तितं, वारं लागतं बोटाला म्हणून हसती. मी झोपत न्हाय, भाई. म्हणजे झोपते, पण कान जागा असतो. दोघांच्या श्वासाकडं.

वाजवायचे. सॅक्सोफोन. आधी हितंच, तुमच्या भवानी पेठेतल्या बँडात, वरातीत — मग अनिलकुमारनी ऐकलं एकदा अन् स्टुडिओत बोलावलं. चौदा वर्षं तितं वाजवलं. भक्तिगीतं, हळदीची गाणी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी — कन्नडसुद्धा, अक्कलकोटकडची मंडळी यायची की, ह्यांना एक शब्द कळायचा न्हाय, तरी वाजवायचे. अन् पुरं गाणं कधी ऐकायलाच मिळायचं न्हाय. कानाला हेडफोन लावायचा, अनिलकुमार काचेपलीकडनं सांगणार — हितं रिकामं हाय, हितनं हितपर्यंत भर — भरलं, उठले, घरी आले. मी विचारायची, कुठलं गाणं होतं? माहीत न्हाय. कोण गाणार? माहीत न्हाय. मग चार-सहा महिन्यांनी आमी एसटी स्टँडवर रसवंतीत बसलेलो असायचो अन् तितं ते लागायचं — हे ग्लास धरून तसेच. ‘रेश्मा, हा मी हाय.’ आजूबाजूचे रस पितायत. मला हसू यायचं. गाण्यावर नावं कुणाची? गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, कॅमेऱ्याचं, ज्याच्या शेतात नाचले त्या शेतकऱ्याचंपण — सौजन्य म्हणून. ह्यांचं न्हाय. एकदा फक्त आलं, तेपण ‘संभाजी’ असं छापलं. सयाजीचा संभाजी केला. त्यांनी काय केलं, तर ते कव्हर आणून भिंतीला लावलं. म्हणाले, जवळपास हाय की.

काय झालं? थांबलं? ती टकटक कसली? — बरं. चालू द्या.

तर सतरा मे. त्या दिवशी गाणं नव्हतं. अनिलकुमारनी सांगितलं, सयाजी, ह्या वेळी गाणं न्हाय, नुसते सूर द्यायचे. एकेक. सा दे, मग रे दे, असं खालपासून वरपर्यंत — अन् प्रत्येक सूर हळू एकदा, मध्यम एकदा, जोरात एकदा, अन् तेपण तीन-तीन वेळा. मग ते सगळे कीबोर्डात भरायचे. म्हणजे पुढं कुणीपण बोट ठेवलं की सॅक्सोफोन वाजणार, ह्यांचाच. कळलं ना तुमाला? ह्यांनापण कळलं होतं. भिमादादा म्हणून क्लॅरोनेटवाले हायेत, त्यांनी बजावलं होतं, ‘सयाजी, द्यायचे तर दे, पण जरा उतरलेले दे बाबा. कसेबसे दे. चांगले दिलेस तर तुला कोण बोलवंल?’ तर ह्यांचं उत्तर काय? ‘दादा, मुद्दाम बेसूर कसं वाजवायचं? मला येत न्हाय.’ अन् आदल्या दिवसापासून रीड भिजवून, घासून, निवडून ठेवली — ती बांबूची पट्टी असते तोंडात धरायची. वरातीला कधी एवढी निवडली न्हाय. मला म्हणाले, माझा सूर जिल्हाभर वाजंल आता. गेले सकाळी सातला. नवा शर्ट घालून. आवाज द्यायचा तर शर्ट कशाला लागतो?

अन् त्या कामाला असं असतं, की सूर वाजवायच्या आधी तोंडानं सांगायचं. ‘सा, हळू, एक.’ मग वाजवायचं. ‘सा, हळू, दोन.’ मग वाजवायचं. का, तर नंतर कापणाऱ्याला कळावं, कुठला कुठला हाय ते. मग बोलणं कापून टाकायचं अन् सूर ठेवायचा. तसंच केलं अनिलकुमारनी. पण ही जी डिस्क हाय ना, ही कापायच्या आधीची. स्टुडिओ बंद केला त्यांनी, सामान काढलं, मी विचारत गेले तर म्हणाले, वहिनी, ही हाय पण बंद पडलीय, टाकूनच देणार होतो — बघा काही होतंय का. म्हणून तुमच्याकडं.

मोबाइलात न्हाय का? शोधलं की. ह्यांचा जुना फोन बदलून नवा घेतलता, त्यात गेलं सगळं. माझ्या फोनात व्हिडिओ हायेत, पण सगळ्यात हे वाजवतायत — बोलत न्हाईतच. बारशाच्या व्हिडिओत एकदा बोलले, तर तेवढ्यात शेजाऱ्याची पाण्याची मोटर. सासूबाईंनी — सोजरबाई त्यांचं नाव — त्यांनी कान लावून लावून ऐकलं. मोटरच ऐकू येते. ही पोरगी सात महिन्यांची होती आवाज गेला तवा. हिला काय आठवणार. ही समजते की सगळ्यांचे पप्पा टाळी वाजवून हाक मारतात.

व्हय, मग काम बंदच झालं. आवाज जायच्या आधीच. गणपतीला दरवर्षी आठ-दहा गाणी असायची, त्या साली एक न्हाय. कीबोर्डवरच भागायला लागलं. शेजारच्या लग्नात ऑर्केस्ट्रा आला, पोरगं कीबोर्ड वाजवतंय अन् सॅक्सोफोन ऐकू येतोय — मी ह्यांच्याकडं बघितलं. मांडीवर बोटं चालली होती. एके ठिकाणी मान हलवली, न्हाय, असं न्हाय, म्हणून. मग वाढप्यानं जिलबी वाढली. खाल्ली आमी. आता टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतात, मी शिलाई मारते. मला वाईट वाटलं का? सगळे विचारतात. काय माहीत, भाई. भाकरी करायच्या असतात, रुमाल उकळायचे असतात. चहा निववायला त्यांच्या तोंडातनं फुंकर येत न्हाय, ती मी घालते. त्यात दिवस जातो.

एक काम करा — मला पुरी फाइल द्या, पण त्यातली अकरा चाळीसपासनं पुढची दोन मिनिटं कापा. न ऐकता कापा. येतं का तसं? का न्हाय येत? कुठनं कुठवर ते ऐकल्याशिवाय कसं कळणार — बरोबर हाय. ते बी बरोबर हाय.

मी बोललेय त्यात काहीतरी. रागात. फोनवर. स्टुडिओत फोन बंद ठेवायचा असतो, पण पोरगी तापली होती म्हणून त्यांनी चालू ठेवला, मांडीवर. दहाला येतो म्हणाले होते. सासूबाई केम गावाला गेलेल्या, लेकीकडं. घरात मी एकटी अन् एवढंसं पोर, डोळे पांढरे करतंय, दूध ओढत न्हाय. त्यात ते म्हणतात, अजून अर्धे सूर राहिलेत. अर्धे सूर! तो मायक कसला असतो माहीत हाय का, मेच्या उन्हात पंखा बंद करून बसतात, पंख्याचा आवाज येतो म्हणून. गच्चीवरची चिमणीसुद्धा येते त्यात. मग मी तर ओरडत होते.

काय बोलले ते सांगायलाच पाहिजे का? ... कधी एकेरीत बोलले न्हाय मी त्यांना, त्या दिवशी बोलले. म्हणाले — तुझं तोंड बंद पडू दे एकदाचं. वाजवणंबी बंद पडू दे अन् बोलणंबी. असं म्हणाले. अस्संच.

अन् श्रावणात आवाज बसला.

डॉक्टर म्हणाले, तंबाखू. पटतं मला. सातवी शिकलेय मी, येडी न्हाय, पंधरा वर्षं मावा खाल्लाय त्यांनी, तोंडात रीड न्हायतर मावा. पटतं की. पण शब्द बघा ना — वाजवणं, बोलणं. दोन्ही. त्यांनी कधी विचारलं न्हाय. त्या दिवशी रात्री आले, पोरीचा ताप उतरला होता, जेवले. आवाज होता तवा बोलले न्हाईत, आता पाटीवर लिहीत न्हाईत. म्हणून मला कापून पाहिजे. उद्या सासूबाई ऐकतील, ही मोठी होऊन ऐकंल — बापाचा आवाज म्हणून लावायचं अन् मधनं आईचा शाप निघायचा. अन् एक सांगू? मी फोन ठेवल्यावर ते काहीतरी बोललेच असतील. अनिलकुमार होता समोर. बायकोबद्दल माणूस काय बोलतो तवा? ते मला — ऐकायचं न्हाय. म्हणजे —

सापडली? अकरा अडतीसची? ... द्या. न्हाय, मोठ्यानं नको, पोरगी हाय, कानाचं द्या. तुमीपण एका कानानं ऐका, कापायचंय तुमालाच. संस्कृती, बस हितं. हलू नको.

थांबा. बोलू नका.

...

...

बरं.

न्हाय, पाणी नको. मी न्हाईच त्यात. ऐकलंत ना? एवढासा आवाज न्हाय माझा. नुसतं ह्यांचं — हां, हां, व्हय, हां. मी तिकडं घर डोक्यावर घेतलंय अन् हितं नुसतं हां. मग अनिलकुमार विचारतोय, काय म्हणते रे घरची? अन् हे — ‘जेवायला बोलवतीया.’ लगेच म्हणाले, थांबलेबी न्हाईत. ‘जेवायला बोलवतीया. चल. म, जोरात, एक.’ अन् वाजवला. कसला लागलाय सूर. कुठं हलला न्हाय, ऐकलात की तुमी. मी घरी देवाला पाण्यात ठेवत होते अन् हे तितं म वाजवत होते. आवाज असा होता होय त्यांचा. मला जाड आठवत होता. पातळच होता की.

परत? नको. काम झालं. काय कापू नका, कापायला काय न्हाईच. पेनड्राइव्हात बसंल ना सगळं? हिला — न्हाय, आज न्हाय ऐकवत. आधी त्यांना विचारते. आवाज त्यांचा हाय, त्यांना विचारायला नको? त्यांनी नको म्हटलं तर डब्यात ठेवीन. लिहितील पाटीवर काय ते. मला जे सांगायचंय ते मीपण लिहीनच म्हणते, तोंडानं येणार न्हाय.

चल गं, उठ, सहाची बस हाय. — अन् इलाहीभाई, ती बाकीची फोल्डरं तुमी पुसू नका. ते ‘ढोलकी’ म्हणून हाय बघा, तो कोंडीबा हाय. त्यानंपण असंच बोलून बोलून ठोके दिले होते अनिलकुमारला. मागच्या साली वारला. त्याची बायको अंबुबाई तुमच्या मागच्याच गल्लीत राहती, पिठाच्या गिरणीवर बसती, तुमी नमाजाला जाता ती वाट तितनंच जाते की. मला आता थांबता येत न्हाय, घरी रुमाल बदलायची वेळ झाली. तुमी जाताना तेवढं तिला सांगा. घाबरून जाईल, एकदम ऐकवू नका. आधी नुसतं सांगा — तुझ्या माणसाचं बोलणं हाय म्हणावं आमच्याकडं.