डावरी कात्री

नात : पण काजंआजी, माझ्या आईला जन्म दिला एकीनं आणि वाढवलं दुसरीनं, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं कसं नाही?

काजंआजी : कुणी विचारलं नाही म्हणून. तू विचारलंस, सांगते. तीस वर्षं मी त्या शिवणाच्या दुकानात काजं केली, माझ्या डोळ्यांसमोरचं आहे सगळं. साल एकोणीसशे पासष्ट. तुझी आई सतरा वर्षांची. दुकान थोरलीचं. तिच्या धाकट्या बहिणीनं दोन वर्षांची पोर, तुझी आईच ती, थोरलीच्या कापायच्या टेबलावर बसवली होती आणि "आठ दिवसांत येते" म्हणून गेली होती. ती पंधरा वर्षांनी आली.

नात : आल्यावर काय म्हणाली?

काजंआजी : "जरा उशीरच झाला."

नात : आणि थोरली?

काजंआजी : "बस. एवढी कॉलर लावते."

नात : भांडण नाही झालं?

काजंआजी : झालं ना. धाकटीनं केलं, एकटीनं. "माझ्या पोटची आहे, माझं रक्त आहे. आता माझं बरं चाललंय, तिकडे शिवणाचं दुकान काढलंय. मी तिला न्यायला आलेय." थोरली म्हणाली, "ने. रविवारचे दोन झगे तेवढे होऊ देत."

नात : एवढंच?

काजंआजी : अगं, तिनंच पोरीला सांगून ठेवलेलं, मी तुझी मावशी, आई परगावी आहे, यायचीय. आली आई. आता कुठल्या तोंडानं अडवणार?

नात : म्हणजे माझी आई तिच्याबरोबर गेली?

काजंआजी : गेली. कुतूहल असतंच त्या वयात. थोरलीनं पेटी भरून दिली, गाडीत बसवून आली आणि मला म्हणाली, "काजं सैल होतायत तुझी." सैल नव्हती.

नात : मग आई परत कशी आली?

काजंआजी : तेच सांगते. तुझी आई लिहिते कुठल्या हातानं?

नात : उजव्या.

काजंआजी : आणि कापड?

नात : डाव्या हातानं कापते. मला वाटायचं, शिवणाऱ्यांचं असंच असतं.

काजंआजी : असं कुणाचं नसतं बाई. थोरली डावरी. कात्रीसुद्धा खास डावऱ्यांची मागवलेली. पोर तिच्या शेजारी बसून बघत शिकली ती तशीच. आमच्यापैकी कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. धाकटीकडे उजव्यांची कात्री. आणि तिथं तुझी आई धाकटीला आईबिई काहीच म्हणायची नाही, नुसतं "अहो" करून वेळ मारून न्यायची. पहिल्याच आठवड्यात एका कोटाची पाठ कापायला दिली. कापली ती अशी, ओढ्याच्या काठासारखी. गिऱ्हाइकांसमोर धाकटी ओरडली, "हे उलटं कुणी शिकवलं तुला?"

नात : मग?

काजंआजी : "आईनं."

नात : असं म्हणाली? तिच्या तोंडावर?

काजंआजी : हिच्या लक्षातही आलं नाही. खाली बसून चिंध्या गोळा करत होती. धाकटीच्या मात्र आलं. पंधरा दिवसांनी स्वतःच हिला घेऊन आली परत. दारातच मला सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "ताईला बोलू नकोस."

नात : तिचं काय झालं पुढे?

काजंआजी : बरं चाललं. दर वर्षी यायची, चार दिवस राहायची. तुझी आई तिला "मावशी" म्हणायला लागली, तीही ओ द्यायची. पंच्याऐंशी साली गेली. थोरली तिच्या आधी चार वर्षं. दुकान तुझ्या आईकडे आलं. मी नजर होती तोवर काजं केली, आता नुसती बोलते.

नात : आणि तो "आईनं" शब्द थोरलीला सांगितलास का?

काजंआजी : दोघी परत आल्या त्याच दुपारी. माझ्या पोटात काही राहतंय होय?

नात : काय म्हणाली?

काजंआजी : "बरं." आणि पुढं कापत राहिली. संध्याकाळी मी आवराआवर करताना पाहिलं. एका झग्याला तिनं तीन बाह्या कापल्या होत्या.