गोधडीच्या मधोमध सात नंबर

फलक : अम्मी, माझा खण रिकामा कसा? सात नंबरची जर्सी कुठंय? एसटी निघेल माझी!

मेहताब : ओरडू नको. बनुबाई गोधडी शिवायला बसल्यात.

फलक : बसू देत की! आज नगरला कबड्डीची निवड आहे.

बनुबाई : अगं बया! भाभी, तुमी तर म्हनला, पोरीनं खेळ सोडला.

फलक : कोणी सोडला?

मेहताब : बनुबाई, तुम्ही टाका घाला हो.

बनुबाई : काय टाका घालू? हातच थांबला माजा. पोरी, हिकडं ये. बघ, काय पसरलंय ते.

फलक : हे... हे माझे टी-शर्ट आहेत. हा शाळेतला. हा घोडेगावचा, गुडघा फुटला होता तेव्हाचा. अम्मी, तू कापलेस?

मेहताब : तुझ्यासाठीच गं. ब्लँकेट काय, कुणीही देतं लग्नात. म्हटलं, सासरी तुझंच काहीतरी तुझ्या अंगावर राहील.

फलक : अंगात घालायचेच होते ते!

मेहताब : लग्न ठरलंय तुझं.

फलक : ठरलंय, झालं नाही अजून. आणि काशिफला मी पहिल्याच भेटीत सांगितलंय, खेळणार म्हणून. तो खुशीनं हो म्हणाला.

मेहताब : काशिफ म्हणाला. त्याच्या आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आता मैदान बास झालं.

फलक : मग तू काय म्हणालीस?

मेहताब : पाणी पी आधी. केवढ्या धापा टाकतेस.

फलक : अम्मी, काय म्हणालीस?

मेहताब : मान हलवली. हातात चहाचा ट्रे, घरात पाहुणे. हलली मान.

फलक : आणि मला सांगायचंसुद्धा नाही? मी रोज पहाटे पळायला जात होते, तू दार उघडून देत होतीस. तेव्हा तरी बोलायचंस!

बनुबाई : मला ठाव असतं तर सुईला हात लावला नसता, बग. आदीच हे बनेलवानी कापड, ताणलं की पळतंय. लुगड्यावर बसवलं म्हनून जमलं.

फलक : सात नंबर कुठंय, मावशी?

बनुबाई : मदी. पार मधोमध.

फलक : संपलं मग. सरांनी बजावलंय, नोंदवलेल्या नंबराची जर्सी नसेल तर मैदानात पाय ठेवायचा नाही.

मेहताब : बस जरा.

फलक : बसू कशी? सगळ्या पोरी स्टँडवर उभ्या असतील!

मेहताब : ती कापलेली नाही.

फलक : काय?

मेहताब : बाकीच्यांवर चालली कात्री. सातवर चालेना. कात्री उचलली, की तू पहिल्यांदा ती घालून अंगणभर नाचलीस ते आठवायचं. शेवटी बाह्या आत दुमडल्या आणि अख्खीच ठेवली.

बनुबाई : तरीच! म्हनलं, मदी एवडं जाड का लागतंय? एक सुई मोडली की माजी.

फलक : मग उसवा ना, मावशी! लवकर!

बनुबाई : टाका कडंनं फिरत फिरत मदी येतो, पोरी. गाठ शेवटी सातावरच पडायची, ती अजून मारली न्हाई. दोरा वडला की निगंल. पन भाभींनी सांगाया पायजे. गोधडी त्यांची हाय.

मेहताब : (पदराला हात पुसत) सरका जरा. मीच ओढते.

फलक : काशिफच्या आईला काय सांगशील?

मेहताब : सांगेन, मान माझी हलली होती, पोरीची नाही. धर ती कड. हळू. सुईची भोकं राहणार बघ.

फलक : राहू देत. पळताना कुणाला दिसतायत?

बनुबाई : व्हय, पन ह्या मधल्या जागंचं काय करू? उगडीबोडकी दिसंल. ठिगळ लावू दुसरं?

मेहताब : नको. तशीच राहू द्या. सासरी कुणी विचारलं तर फलक सांगेल, इथली जर्सी मॅचला गेलीय.